फुकट राबण्याची कमाई

रमजान हा उपवासाचा महिना म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. मुस्लिम घरांमध्ये तो हिशेबाचाही महिना असतो. वर्षभर शिल्लक राहिलेला पैसा, सोनं-चांदी, दुकानातला विक्रीचा माल यांची बेरीज करायची आणि त्याचा चाळिसावा भाग, म्हणजे शंभरामागे अडीच रुपये, जकात म्हणून गरजूंना द्यायचे. जकात वर्षात केव्हाही देता येते, पण बहुतेक घरांत हा हिशेब रमजानमध्येच होतो. शिवाय ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे फितरा द्यायचा, म्हणजे गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटेल.

घरातला कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा मुलगी या हिशेबात कुठेच नसते. त्यांच्या नावावर ना सोनं, ना माल, ना शिल्लक. जकात त्यांना लागूच होत नाही. मग ज्याच्याकडे पैसाच नाही, त्यानं काय द्यावं?

हा प्रश्न पैगंबरांच्या सोबत्यांनाही पडला होता, असं हदीसमध्ये येतं. त्यांना मिळालेल्या उत्तराचा आशय असा: हातांनी कष्ट करावे, त्यातून आपलं भागवावं आणि दुसऱ्यालाही द्यावं. तेवढंही जमत नसेल, तर अडलेल्या माणसाला मदत करावी. तेही जमत नसेल, तर निदान कुणाचं वाईट करू नये. तोही सदकाच, म्हणजे दानच. रस्त्यातला काटा किंवा दगड बाजूला करण्यालाही दानाच्या हिशेबात जागा मिळाली आहे. विद्यार्थ्याच्या खिशात पैसा नसला, तरी त्याच्याकडे हात आहेत, पाय आहेत, वेळ आहे आणि शिकलेली अक्षरं आहेत.

मगरिबच्या अजानीआधी अर्धा तास कुठल्याही मशिदीत डोकावून पाहा. दस्तरखान अंथरणारी, खजूर वाटणारी, पाण्याचे ग्लास भरणारी पोरं शाळा-कॉलेजातलीच असतात. दिवसभर त्यांचाही रोजा असतो, पण आधी दुसऱ्याच्या पुढ्यात ताटली जाते. गणपतीत, दुर्गा-शारदा उत्सवात, गावजेवणाच्या पंगतीत वाढपी म्हणून धावणारी पोरंही याच वयाची. ही सवय कुठल्या एका धर्माची नाही.

'त्यातून मिळतं काय?'

पंगतीत वाढणं किंवा उत्सवात राबणं घरच्यांना खटकत नाही. पण तोच मुलगा रुग्णालयात मदतीला जातो, गावात सर्वेक्षणाला जातो किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला सात दिवस राहतो म्हणाला, की घरात प्रश्न येतो: 'त्यातून मिळतं काय?'

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. धानोऱ्यासारख्या ठिकाणी शिक्षणाचा खर्च आई-बाप मजुरीतून, धानाच्या पिकातून, मोहफुलांच्या आणि तेंदूच्या हंगामातून काढतात. पोलीस भरतीसाठी पोरं पहाटे सडकेवर धावतात, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उसनवारीनं आणून वाचतात. एक एक महिना मोलाचा असतो. अशा घरातल्या बापानं 'फुकट कशाला राबतोस?' असं विचारलं, तर तो स्वार्थी ठरत नाही. त्याला खरं उत्तर मिळायला हवं.

एक उत्तर सरकारी कागदावर आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, देशातल्या ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. विद्यार्थ्यानं वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास समाजाचं काम करायचं आणि एक सात दिवसांचं विशेष शिबिर करायचं, अशी तिची रचना. शेवटी प्रमाणपत्र मिळतं. नियमांत बसेल तिथं सवलतीचे गुणही मिळतात. गंमत अशी, की योजनेचं ब्रीद 'मी नाही, तू' अशा अर्थाचं आहे आणि नाव नोंदवायच्या रांगेत पहिला प्रश्न असतो, 'सर, मला किती मार्क मिळणार?'

प्रमाणपत्राला नावं ठेवायचं कारण नाही. गरीब घरच्या मुलाला दोन-चार गुणही लाखमोलाचे असतात. पण २४० तासांची कमाई तेवढीच मानली, तर हिशेबात मोठी चूक होते. उरलेली कमाई कुठल्या वहीत लिहिली जात नाही, म्हणून ती दिसत नाही. तीच इथे मांडायची आहे.

आपलं गाव नव्यानं कळतं

पहिली कमाई म्हणजे आपल्याच गावाची ओळख. शहरात वाढलेल्या तरुणाला ही ओळख करून घ्यायला आपल्या तालुक्यात यावं लागतं. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे येताना चातगावजवळ शोधग्राम लागतं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली सुरू केलेल्या 'सर्च' संस्थेचा हा परिसर. तिथे २००६ पासून 'निर्माण' ही तरुणांची शिबिरं भरतात. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून शिकाऊ डॉक्टर, इंजिनीअर, कला आणि विज्ञान शाखेची मुलं-मुली तिथे येतात आणि एकच प्रश्न घेऊन बसतात: शिकून झाल्यावर या शिक्षणाचं करायचं काय, ते कुणाच्या कामी आणायचं? त्यातले काही डॉक्टर पुढे ग्रामीण आरोग्य केंद्रात रुजू झाले, काहींनी इतर सामाजिक कामं निवडली.

पुण्या-मुंबईची मुलं इतका लांबचा प्रवास करून जे शोधायला येतात, ते धानोऱ्याच्या मुलाला घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर दूरच्या पाड्यावरून आलेली एखादी आजी बसलेली असते. तिला गोंडी येते, मराठी तुटकी येते. चिठ्ठीवर काय लिहिलंय, कोणत्या खोलीत जायचं, गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे तिला कुणी समजावून सांगितलं नाही, तर ती औषध घेऊन जाते आणि घरी डब्यात ठेवून देते. तिच्याशी गोंडीत बोलू शकणारा कॉलेजचा मुलगा तिथे तासभर उभा राहिला, तर त्या तासात औषध खऱ्या अर्थानं रुग्णापर्यंत पोहोचतं.

आणि त्या मुलाला काय मिळतं? कॉलेजात जी भाषा बोलायला त्याला लाज वाटत होती, तीच इथे सगळ्यात उपयोगी ठरते. ज्याला गोंडी येत नाही, त्याला चार शब्द शिकावेसे वाटतात. आपल्याला जे येतं त्याची कुणाला तरी गरज आहे, ही जाणीव वयाच्या अठराव्या वर्षी फार मोठी असते. भरतीत नाव लागलं नाही म्हणून खचलेल्या पोराला ती उभं करू शकते.

हातानं केलेलं शिक्षण

दुसरी कमाई शिक्षणाची. पुस्तकातून न येणारं शिक्षण कसं असतं, याचं उत्तम उदाहरण गडचिरोली जिल्ह्यानंच जगाला दिलं. नव्वदच्या दशकात 'सर्च'नं जिल्ह्यातल्या ३९ गावांत जेमतेम शिकलेल्या बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडली तर घरीच उपचार करणं, हे सगळं या आरोग्यदूत बाया करू लागल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतल्या नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. पुढे हीच पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली.

या बायांना कामाचा मोबदला मिळत होता, त्यामुळे त्यांना फुकट राबणाऱ्या म्हणता येणार नाही. पण विद्यार्थ्यानं त्यांच्याकडून घ्यावं असं एक आहे. त्यांनी आधी पदवी घेतली आणि मग काम केलं, असं झालं नाही. समोर बाळ होतं, म्हणून त्या शिकल्या. शिकण्याला कारण मिळालं की शिकणं पक्कं होतं. जीवशास्त्राच्या वर्गात हिवतापाचं चक्र पाठ करणारा मुलगा पावसाळ्याच्या तोंडावर गावात घरोघर जाऊन मच्छरदाण्या वापरतात की गुंडाळून ठेवतात ते पाहतो, साचलेल्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दाखवतो, तेव्हा तो धडा त्याच्या परीक्षेनंतरही टिकतो. राज्यातल्या हिवतापाच्या रुग्णांचा मोठा भार आपला जिल्हा वाहतो. त्यामुळे हा धडा आपल्याकडे नुसता धडा नाही.

धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाची गोष्ट तर जगभर गेली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावकऱ्यांनी अभ्यासगट चालवला. कायदा वाचायचा, चर्चा करायची आणि निर्णय सर्वांच्या सहमतीनं घ्यायचा, बहुमतानं नाही. या अभ्यासाच्या बळावर २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. वनहक्क कायदा कॉलेजात वाचणाऱ्या मुलानं एखाद्या ग्रामसभेत कागद लिहून द्यायला बसावं, ठराव कसा होतो ते पाहावं. चार भिंतींत न कळलेली कलमं तिथे एका बैठकीत कळतात. फक्त जाताना एक भान असावं: आपण शिकायला आलो आहोत, शिकवायला नाही. आणि जे घेतलं, त्यातलं काही परत देऊन जायचं.

घामाला जात नसते

तिसरी कमाई माणसांची. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्यातल्या सोमनाथला बाबा आमटे यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस श्रमसंस्कार छावणी सुरू केली. चंद्रपूरचा मे महिना काय असतो, ते इथल्या वाचकांना सांगायला नको. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभरातली मुलं-मुली येऊन पहाटे कुदळ-फावडं हातात घेतात आणि दुपारी गाणी, व्याख्यानं, चर्चा करतात. १९८५ मध्ये बाबांनी तरुणांना सोबत घेऊन कन्याकुमारीपासून काश्मीरच्या दिशेनं 'भारत जोडो' सायकल यात्रा काढली. देशात धर्माच्या नावानं मनं दुरावत होती, तेव्हा ही पोरं गावोगाव सायकली हाकत होती.

एका घमेल्याला दोघांनी हात लावला, की शेजारच्याचं आडनाव विचारायचं राहून जातं. दुपारी भाकरी एकत्र खाल्ली जाते. रोजा असलेल्या मित्रासमोर पाणी पिताना दुसरा जरा बाजूला जातो, आणि रोजेदार त्याला म्हणतो, 'अरे, पी ना, मला काही होत नाही.' असे प्रसंग व्याख्यानातून घडत नाहीत. आपल्याकडच्या गावांमध्ये सण एकमेकांच्या घरी जाऊन साजरे होतात, हे खरं. पण नव्या पिढीची ओळख बऱ्याचदा मोबाइलवर आलेल्या मजकुरातून होते. त्या मजकुरापेक्षा सोबत गाळलेला घाम जास्त खरं बोलतो.

रक्तदानाचं शिबिर हे याचं सोपं उदाहरण. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. अंगातलं रक्त फार कमी झालं की त्यांना बाहेरून रक्त द्यावं लागतं. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या निरोगी मुलाला तीन महिन्यांनी आणि मुलीला चार महिन्यांनी पुन्हा रक्तदान करता येतं. पिशवीवर रक्तगट लिहिलेला असतो, धर्म लिहिलेला नसतो. रोजेदारांनी ईदनंतर जावं, मोठ्या उन्हात उपाशीपोटी जाऊ नये, इतकंच.

नियत कुणीकडे?

आता थोडं विज्ञानाचं. कॅनडातल्या एका शाळेत दहावीच्या १०६ मुलांना घेऊन एक प्रयोग झाला. निम्म्या मुलांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, लहान शाळेतल्या मुलांना अभ्यासात, खेळात मदत केली. बाकीच्यांची पाळी नंतर ठेवली. दहा आठवड्यांनी तपासणी केली, तेव्हा मदत करणाऱ्या मुलांचं कोलेस्टेरॉल आणि शरीरातला दाह दाखवणारे घटक दुसऱ्या गटापेक्षा कमी आढळले. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: ज्या मुलांच्या मनात दुसऱ्याबद्दलची कणव जास्त वाढली, त्यांच्या तब्येतीतही जास्त फरक पडला.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला. १९५७ साली शाळा पूर्ण केलेल्यांचा तिथे वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. उतारवयात त्यांना विचारलं, की तुम्ही समाजाचं काम करता का आणि कशासाठी करता? चार वर्षांनी पाहिलं, तर असं काम न करणाऱ्यांपैकी ४.३ टक्के लोक मरण पावले होते. मुख्यतः स्वतःच्या फायद्यासाठी काम करणाऱ्यांपैकी ४ टक्के, म्हणजे जवळपास तेवढेच. आणि दुसऱ्यांसाठी म्हणून करणाऱ्यांपैकी फक्त १.६ टक्के. सेवा केली म्हणूनच आयुष्य वाढलं, असं एका अभ्यासावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण काम तेच असूनही मनातला हेतू बदलला की फळ बदलतं, एवढा इशारा त्यात आहे.

इस्लाममध्ये याला नियत म्हणतात. कर्माचं मोल नियतीवर ठरतं, ही मुसलमान मुलाला लहानपणीच शिकवली जाणारी गोष्ट. इथे मराठी वाचकांनी घोटाळा करू नये. मराठीतली नियती म्हणजे प्राक्तन, आणि ही नियत म्हणजे मनातला हेतू. लोकांना दाखवण्यासाठी केलेल्या भल्या कामाला 'रिया' म्हणतात, आणि ती दोषात मोडते. पण सवाबाची, म्हणजे अल्लाहकडून मिळणाऱ्या मोबदल्याची आशा ठेवणं हा दोष नाही. सगळा रमजान त्या आशेवरच चालतो. तेव्हा मोबदल्याची इच्छा धरू नका, असं मुलांना सांगायची गरज नाही. मोबदला कुणाकडे मागता, ते पाहा, एवढंच सांगावं. नजर कॅमेऱ्याकडे असेल तर मोबदला फोटोपाशी संपतो. नजर समोरच्या माणसाकडे असेल, तर वर सांगितलेलं सगळं न मागता पदरात पडतं.

फोटोचं तर सांगायलाच हवं. रेशनची पिशवी देताना घेणाऱ्याचा चेहरा टिपायचा आणि गावभर पाठवायचा, ही नवी रीत झाली आहे. ज्यानं हात पुढे केला त्याचीही पोरं त्याच शाळेत शिकतात, हे विसरून चालणार नाही. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये ही शिकवण जवळपास प्रत्येक धर्मात आहे, ती उगाच नाही.

ज्यांचं राबणं मोजलं जात नाही

आणखी दोन गोष्टी बोलल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. ज्या घरात मोहफुलं वेचायला पोराचे हात लागतात, तेंदूच्या हंगामावर वर्षाची फी निघते, त्या पोराला 'तू समाजासाठी वेळ देत नाहीस' असं कुणी म्हणू नये. आई-बापाला हातभार लावणं हीसुद्धा खिदमत आहे.

दुसरी गोष्ट मुलींची. पहाटे सहरीला सगळ्यात आधी उठणारी, संध्याकाळी भज्यांच्या कढईसमोर उभी राहणारी आणि मधल्या वेळात परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी किती तास राबते, याचं प्रमाणपत्र कुठल्याच विद्यापीठात मिळत नाही. तिच्यासाठी शिबिराचे सात दिवस म्हणजे आणखी काम नसतं. घराबाहेर आपल्या नावानं ओळखलं जाण्याची, सभेत उभं राहून बोलण्याची, चार गावं पाहण्याची ती संधी असते. तिला पाठवताना घरच्यांनी काळजी जरूर करावी, विचारपूस करावी, पण पाठवावं. आणि ती परत येईपर्यंत भज्यांची कढई भावानं सांभाळावी. तीही सेवाच.

रमजानचे उरलेले दिवस आणि पुढची सुट्टी समोर आहे. मोठा बेत आखायची गरज नाही. आठवड्यातले दोन तास पुरेत. मोहल्ल्यातल्या एखाद्या निराधार म्हातारीचा पेन्शनचा फॉर्म भरून द्यावा, बँकेत तिच्यासोबत रांगेत उभं राहावं. शेजारच्या चौथी-पाचवीतल्या तीन पोरांना वाचायला बसवावं. दवाखान्यात आधी तिथल्या लोकांना विचारून, ते सांगतील ते काम करावं. ईदगाहबाहेर चपला नीट लावायला आणि ईद झाल्यावर मैदानातला कचरा उचलायला चार मित्र जमवावे, त्यात दुसऱ्या धर्माचा एखादा मित्र असला तर फारच छान. पण जे धरलं ते महिनाभर तरी सोडू नये, कारण वाट पाहणाऱ्या माणसाला आपण न गेल्याचं दुःख होतं.

आणि आई-बापांसाठी एक विनंती. मूल संध्याकाळी थकून घरी आलं, की 'काय मिळालं?' हा प्रश्न जरूर विचारा. फक्त उत्तर ऐकायला थोडा वेळ काढा. ते त्या दिवशी भेटलेल्या माणसांबद्दल बोलू लागेल.